प्राण्यांच्या पाठांतून इंग्रजी ऐकण्या-बोलण्याचा सराव सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, अलिबाग, जि. रायगड.

विषय : थळ परिसरातील मराठी प्राथमिक शाळांत ओळखीच्या प्राण्यांवरील पाठांद्वारे इंग्रजी श्रवण-संभाषणाचा रोजचा सराव घेणेबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही थळ येथील पालक व ग्रामस्थ. आमच्यापैकी बरेच जण मासेमारी करतात, काहींची शेती-वाडी आहे, काही नोकरीला आहेत. मुलांना मराठी शाळेतच शिकवायचे, हे आमचे ठरलेले आहे. मात्र तिथे त्यांना इंग्रजी बोलताही यावे, एवढ्यासाठी हे निवेदन.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी आमची चौथीतली मुले ‘फिश’चे स्पेलिंग घडाघडा सांगतात आणि ‘व्हॉट डिड यू सी ऑन द बीच?’ असे विचारले की गप्प बसतात. स्पेलिंग, शब्दार्थ आणि फळ्यावरची उत्तरे उतरवण्यातच तास संपतो. कानावर इंग्रजी पडत नाही, मग ते तोंडी येणार कुठून? यात शिक्षकांना बोल लावायचा नाही. त्यांना साहित्य आणि सवड मिळायला हवी. खांदेरी किल्ला जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिकडच्या होड्या थळहून सुटतात. पाहुण्यांना हा किनारा दाखवण्याचे काम उद्या आमच्याच मुलांनी करावे, असे आम्हाला वाटते.

सुरुवात प्राण्यांपासून करावी, कारण त्यांविषयी या मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जिराफ-झेब्रा चित्रात भेटतात. चिंबोरी, निवटी, बगळा, घार, बोकड रोज भेटतात. शिक्षकांनी ‘इट हॅज एट लेग्ज अँड टू क्लॉज. इट वॉक्स साइडवेज’ म्हणावे, मुलांनी ऐकून तिरके चालून दाखवावे आणि मग ‘इट्स अ क्रॅब!’ म्हणावे. पुढच्या फेरीत एकाने मनात प्राणी धरावा, बाकीच्यांनी ‘कॅन इट फ्लाय?’, ‘डझ इट लिव्ह इन द सी?’ असे विचारून तो ओळखावा. आधी ऐकणे, मग कृती, मग बोलणे हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकातच मांडला आहे. ‘शीप’ आणि ‘शिप’मधला फरक वहीत उतरवून कळत नाही, दोन्ही चित्रे पुढ्यात ठेवून, ऐकून योग्य ते उचलायला लावले की कळतो.

आमच्या मागण्या :

१. पहिली ते चौथीच्या इंग्रजी तासातील पहिली पंधरा मिनिटे फक्त ऐकण्या-बोलण्यासाठी राखावीत. तेवढा वेळ वह्या-पुस्तके बंद असावीत.

२. पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने स्थानिक प्राण्यांची चित्रकार्डे व ध्वनिपाठ तयार करावेत. त्यांत राज्यमासा पापलेट, फणसाड अभयारण्यातील शेकरू आणि हरिहरेश्वर-दिवेआगरला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे असावीत.

३. ध्वनिपाठ ऐकवण्यासाठी प्रत्येक शाळेला चार्जिंगवर चालणारा स्पीकर द्यावा. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने ‘वी लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम केला होता. त्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा.

४. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा पाठाचे प्रात्यक्षिक नियमित ठेवावे.

५. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या काळात कोळी पालकांना वर्गात बोलवावे. ते आपल्या बोलीत माशांची माहिती देतील. मुलांनी तीच इंग्रजीत दोन-चार वाक्यांत सांगावी.

६. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानुसार आकारिक मूल्यमापनात ‘तोंडी काम’ आहेच. इंग्रजीत ते नावापुरते राहू नये. प्रत्येक सत्रात प्रत्येक मुलाला एका प्राण्याविषयी मनाने चार वाक्ये बोलू द्यावीत आणि उच्चार चुकला म्हणून गुण कापू नयेत.

पहिली, चौथी, पाचवी आणि सहावी या मागण्यांना वेगळा निधी लागत नाही. त्या येत्या सत्रापासून अमलात आणाव्यात. उरलेल्या दोन मागण्यांबाबत काय ठरले, ते महिनाभरात लेखी कळवावे. चित्रकार्डांसाठी फोटो काढून देण्याचे आणि वर्गात जिवंत चिंबोऱ्या सांभाळून दाखवण्याचे काम आम्ही आमच्या अंगावर घेतो.

आपले विश्वासू,
पालक व ग्रामस्थ, थळ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी सादर :
१. मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), रायगड जिल्हा परिषद, अलिबाग
२. मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, पनवेल