भाची भोपाळला निघाली, त्या निमित्ताने

यंदा चवथीला माटोळी बांधता बांधता बहिणीने बातमी दिली. धाकटीला भोपाळला बी. फार्मला प्रवेश मिळाला. गोवा एक्सप्रेस वास्कोहून थेट भोपाळला नेते, तेव्हा प्रवासाची काळजी नाही. मी विचारलं, "होस्टेलचं काय?" भावोजी हसले, "मुलींत कसलं आलंय रॅगिंग!"

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसलो. पण मला आठवलं ते भोपाळचंच. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथल्या एका खासगी कॉलेजातल्या बी. फार्मच्या मुलीने राहत्या घरी गळफास घेतला. तिने चिठ्ठीत रॅगिंग करणाऱ्यांची नावं लिहून ठेवली होती. त्या चौघीही मुलीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने चौघींना पाच-पाच वर्षांची कैद सुनावली. प्रकरणात ओढला गेलेला एक शिक्षक पुराव्याअभावी सुटला. निकालाला साडेसात वर्षं लागली!

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला, आपल्या गोव्यातही आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरू हा मेडिकलचा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीत गेला, त्यानंतर यूजीसीने देशभरासाठी नियम काढले. त्यामुळे आज कुठल्याही कॉलेजात विचारा, "आमच्याकडे रॅगिंग नाही" हेच उत्तर मिळेल. भिंतीवर फलकही असतो. म्हणून तो प्रश्नच विचारू नये असं माझं मत झालंय. पहिल्या वर्षाच्या मुलींना वेगळ्या इमारतीत ठेवता का? वॉर्डन रात्री कुठे झोपते? तिचा नंबर द्या, आत्ताच लावून बघतो. हे विचारावं. आणि शक्य तर कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी दोन शब्द बोलावं. त्या 'इंट्रो'बद्दल हसत सांगू लागल्या तर कान टवकारावेत.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतो? मीही होस्टेलात राहिलोय. पहिल्या वर्षी मला रात्रभर बाकावर उभं करून गाणी म्हणायला लावली. दुसऱ्या वर्षी मी तेच एका पोराकडून करून घेतलं. पंधरा दिवसांत तो बोचकं बांधून घरी गेला. आम्ही म्हटलं, मनाचा कच्चा. मीही म्हटलं. त्याने पुढे काय शिकलं, शिकलं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या त्या 'मस्करी'चा किस्सा मी कित्येक वर्षं जेवणावळीत रंगवून सांगत असे, हे आणखी वाईट.

असो. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, मुलांनाही आणि पालकांनाही. भावोजींनी ते न वाचताच सही करायला घेतलं होतं. मी ते काढून घेऊन मोठ्याने वाचलं, भाचीलाही बसवून. आपण कुणावर केलं तर काय होईल, तेही त्यात आहेच. मग तिच्या मोबाइलमध्ये हेल्पलाइनचा नंबर घातला, १८००-१८०-५५२२. नाव न सांगताही तक्रार करता येते, हे तिला माहीत नव्हतं.

बहिणीला वेगळं सांगितलं. रोज रात्री फोन कर, आणि पोर "सगळं ठीक" म्हणाली की लगेच ठेवू नकोस. थोडी बोलत राहा, चवथीच्या नेवऱ्यांचं काढ, काहीही काढ.