काळीचे देणे

गावाची जमीन आपले पूर्वज दोन रंगांनी ओळखीत असत. जेथे पिके येतात ती काळी, आणि जेथे माणसे राहतात ती पांढरी. काळीतून धान्य, कडबा, कापूस, सरपण ही सर्व पांढरीत यावयाची. आणि त्यांतला पुष्कळसा भाग शेण, राख व केरकचरा या रूपाने उन्हाळ्यात गाड्या भरून परत काळीत जावयाचा. जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्याची चाल याच व्यवहारातली होय. हा देण्याघेण्याचा हिशेब कोणी वहीत मांडीत नसे, तरी तो बहुधा चुकत नसे. हल्ली आपणां शिकलेल्या घरांत वह्या पुष्कळ आहेत, हिशेब मात्र चुकला आहे. त्याची एक घरचीच गोष्ट आज वाचकांपुढे ठेवतो.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीच्या शिवारात आमच्या कुटुंबाची पाच एकर जमीन आहे. वडिलांच्या हयातीत ती घरीच वाहिली जात असे. गोठ्यात बैलजोडी व दोन गाई होत्या आणि परसात उकिरडा होता. पुढे बंधू नोकरीनिमित्त परगावी गेले, आम्ही शाळेत गुंतलो. बैल विकले, गोठ्याच्या जागी मोटारीकरिता पत्र्याची शेड उभी राहिली आणि उकिरडा बुजविला. हे काम आम्हीच पुढे होऊन केले व त्या वेळी घर स्वच्छ झाले म्हणून समाधानही मानले. जमीन दर साल मक्त्याने देऊ लागलो. पाडव्याच्या सुमारास पैसे हाती येत, ते भाऊ-भाऊ वाटून घेत असू, आणि वर्षभर त्या वावराची कोणास आठवण होत नसे.

गेल्या दिवाळीस सर्व मंडळी जमली असता थोरल्या बंधूंनी विषय काढला. मक्ता घटत चालला आहे, जमीन निकस झाली, शहर वाढत आहे, तेव्हा ती प्लॉटवाल्यास देऊन मोकळे व्हावे, असे त्यांचे मत पडले. धाकटा पुतण्या शेतकी शिकलेला आहे. त्याने माती तपासून आणली होती. आरोग्यपत्रिकेत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणि जस्त कमी, असा शेरा होता. दादा म्हणाले, "पाहा, कागदानेही तेच सांगितले." पुतण्या म्हणाला, "काका, जमीन निकस झाली नाही. आपण तिला निकस केली." हे वाक्य आम्हांस रात्रभर लागून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या सवयीप्रमाणे जमाखर्च मांडावयास बसलो.

प्रथम खर्चाची बाजू. एकरी सहा क्विंटल कापूस निघाला असे धरू. त्यात रुई दोन क्विंटल व सरकी चार. मौज अशी की रुई जवळजवळ सर्वस्वी हवापाण्यातूनच बनलेली असते. ती परदेशी गेली तरी जमिनीचे फारसे काही जात नाही. जाते ते सरकीतून. चार क्विंटल सरकीबरोबर सुमारे चौदा किलो नत्र व पाचेक किलो स्फुरद वावराबाहेर पडते. पूर्वी सरकी आणि तिची ढेप घरच्या बैलांच्या दावणीत जाई व शेणावाटे परत येई. आता ती जिनातूनच परस्पर जाते. पऱ्हाटी चुलीत गेली किंवा धुऱ्यावर जाळली, तर आणखी आठ-दहा किलो नत्र गेले असे समजावे. सोयाबीनचा खर्च याहून मोठा. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात हे खरे. परंतु दाण्यात नत्र इतके असते की बांधलेले बहुतेक दाण्याबरोबरच बाजारात जाते. शिवाय ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे गेली, आणि जनावरांबरोबर शेण गेले. एका पिकाच्या बदलाने साखळीच्या तीन कड्या तुटल्या.

आता जमेची बाजू. मक्तेदार एकरी एक पोते डीएपी व एक पोते युरिया टाकतो. पन्नास किलो डीएपीत नऊ किलो नत्र व तेवीस किलो स्फुरद, पंचेचाळीस किलो युरियात सुमारे वीस किलो नत्र. म्हणजे कागदावर जमा खर्चाहून अधिक दिसते! मग जमीन निकस कां व्हावी?

येथेच आमच्यासारखे हिशेबी फसतात. वर्ध्याकडील काळी माती ही बेसॉल्टाच्या खडकापासून झालेली, चुन्याने युक्त व अल्कधर्मी आहे. पालाश तिच्यात स्वभावतःच बरे असते. पण अशा मातीत वर फेकलेल्या युरियाचा काही भाग वायुरूपाने उडून जातो, पावसाळ्यात पाणी साचले तर आणखी काही जातो, आणि स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन पिकाच्या हाती सावकाश लागते. जस्त तर त्या दोन्ही पोत्यांत नसतेच. रासायनिक खत वाईट असे आम्ही म्हणत नाही. ते रोख रकमेप्रमाणे आहे, वेळेस उपयोगी पडते. परंतु रोकड ठेवावयास तिजोरी पाहिजे, आणि मातीची तिजोरी म्हणजे तिच्यातील सेंद्रिय कर्ब. तो ओलावा धरतो, अन्नद्रव्ये राखून ठेवतो, जंतूंचे पोषण करतो. तिजोरीस भोक असता रोकड ओतीत राहणे, हा आमच्या वावराचा वीस वर्षांचा इतिहास आहे.

वास्तविक ही शिकवण नालवाडीस तरी नवी नसावी. १९३२ सालच्या अखेरीस विनोबा याच गावी येऊन राहिले. १९३४ साली तेथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. १९३८ साली विनोबा पवनारला गेले, तरी नालवाडीचे काम चालू राहिले. त्यांत गोपाळराव वाळुंजकरांनी चालविलेले चर्मालय विशेष होते. मेलेल्या जनावराचे कातडे कमवावे, आणि मांस व हाडे वाया न घालविता त्यांचे खत करावे, हा त्यामागील विचार होता. आमच्या आजोबांच्या पिढीतील सोवळ्या घरांनी त्या बाजूस जाण्याचे टाळले, हे येथे कबूल केले पाहिजे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात मांस-अस्थी कुजवून केलेल्या कुणपजलाचे विधान आहे, ही गोष्ट संस्कृत शिकविणाऱ्या आम्हांसही फार उशिरा कळली. कृषिपराशरात तर माघात उकिरड्याचे पूजन करून ते खत उकरावे, वाळवून बारीक करावे व पेरणीच्या वेळी जमिनीस द्यावे असे सांगितले आहे. ज्यांच्या घरी ही पोथी, त्यांनीच उकिरडा बुजवावा, याला काय म्हणावे?

त्याच काळात इंदुरास अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती व राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. तीवरील त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. यांतील गोमूत्राची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जनावरापासून मिळणाऱ्या नत्राचा जवळजवळ निम्मा वाटा मूत्रात असतो आणि तोच बहुधा जमिनीत मुरून फुकट जातो. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे, भिंतीत हवेसाठी भोके ठेवावयाची. सुमारे एक क्विंटल शेण, चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा व सतरा-अठरा क्विंटल माती यांचे थर भरून लिंपले, म्हणजे तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत तयार होते. ज्याच्या घरी आता एकच गाय आहे, त्यासही हे साधण्यासारखे आहे.

मग अडचण ज्ञानाची नाही. ती कोठे आहे, हे आम्हांस मक्तेदाराने सांगितले. "बाबा, वावरात दोन गाड्या शेणखत कां टाकीत नाहीस?" असे आम्ही विचारताच तो हसला व म्हणाला, "गुरुजी, खत म्या टाकाचं अन् पीक दुसऱ्यानं न्याचं काय? पुढल्या साली वावर माह्याकडंच राहीन, हे सांगून द्या." आम्हांस उत्तर देता आले नाही. १९५८ सालच्या विदर्भ कूळकायद्याची धास्ती आमच्या घरात अजून आहे. म्हणून मक्ता तोंडी, एकाच सालाचा, आणि वाहणारा दोन-तीन वर्षांनी बदलावयाचा, असा आमचा शिरस्ता. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. तिच्यातील कर्ब दशांश टक्क्याने वाढवावयाचा तर नऊशे किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. दहा गाड्या शेणखतात तो सहा-सातशे किलो असेल. त्यातलाही बहुतेक आपल्या उन्हाळ्यात जळून थोडाच उरतो. म्हणजे हे काम आठ-दहा वर्षांचे, आणि मक्ता एका सालाचा! आमच्या भीतीची किंमत मातीने भरली, आणि वर आम्हीच तिला निकस म्हणून विकावयास निघालो.

दिवाळीच्या पाडव्यास आम्ही ही सर्व मांडणी मंडळींपुढे वाचून दाखविली. वाद झाला. "खताने मक्ता वाढेल, याची हमी कोण देणार?" असे दादांनी विचारले. हमी आम्ही देऊ शकलो नाही; इतकेच म्हणालो की ज्या ठेवीचे व्याज पन्नास वर्षे खाल्ले, तिच्यात एकदा तरी भर घालणे हे आपले कर्तव्य आहे. वहिनी आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "सासूबाई उकिरड्यावर दिवाळीत पणती ठेवीत. मी ती ठेवणे सोडले, ते उकिरडाच राहिला नाही म्हणून." यानंतर दादा फार बोलले नाहीत.

ठरले ते असे. विक्री पाच वर्षे तहकूब. मक्त्याच्या रकमेचा तिसरा हिस्सा वाटून न घेता जमिनीच्या नावे वेगळा ठेवावा आणि खत मालकाने, म्हणजे आम्ही, स्वतः टाकावे. म्हणजे वाहणाऱ्याने दुसऱ्यासाठी खर्च करण्याचा प्रश्न राहत नाही. पऱ्हाटी जाळू नये, बारीक करून टाक्यात घालावी. तिची मजुरी त्याच रकमेतून द्यावी. कपाशीत तुरीच्या ओळी असाव्यात, कारण तिचा पाला वावरातच गळतो. धुरे नीट राखावेत, कारण वाहून गेलेली माती कोणत्याही पोत्यातून विकत मिळत नाही. जस्त तपासणीप्रमाणे द्यावे, आणि दर तीन वर्षांनी माती पुन्हा तपासून आकडा घरच्या वहीत लिहावा. शेडच्या मागे नाडेप टाके बांधून झाले आहे. त्यात वहिनी भाजीची देठे व निर्माल्य रोज टाकतात.

यातून काय निघेल ते पाच वर्षांनी कळेल. तोवर आम्ही असू वा नसू. परंतु आमच्या वाचकांपैकी कित्येकांची वडिलोपार्जित जमीन अशीच कोठे तरी मक्त्याने पडलेली असेल. त्यांस एवढीच विनंती की यंदा मक्त्याचे पैसे घ्यावयास जाल तेव्हा रस्त्यावरूनच परत फिरू नका. वावरात उतरा, मूठभर माती हाती घ्या, आणि आपल्या घराकडून तिला शेवटचे काय गेले होते ते आठवून पाहा.