ट्रॅक्टरचा पांढरा धूर : हेड उतरविण्यापूर्वी

डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या भागात थंडीचा कडाका वाढला म्हणजे द्राक्षबागेत फवारणीसाठी सकाळी सुरू केलेल्या ट्रॅक्टरच्या धुराड्यातून पांढरा धूर निघू लागतो, आणि बागाईतदाराच्या मनात धसका भरतो. मिस्त्रीला बोलावणे जाते. पुष्कळदा त्याच दिवशी इंजिनाचे हेड उतरविले जाते. भुरीवरील फवारणीची वेळ हुकते, गाठीचा पैसाही जातो. आणि हेडमध्ये मुळी दोष नव्हताच, हे कित्येकदा मागाहून ध्यानात येते. ही घाई शेतकरी बंधूंनी सोडावयास हवी.

पांढरा धूर हे एकाच दुखण्याचे लक्षण नव्हे. एक लिटर डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते व ते वाफेच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जाते. थंड हवेत ही वाफ निवते, तिचे सूक्ष्म तुषार बनतात व ती डोळ्यांना दिसू लागते. इंजिन तापताच ती दिसेनाशी होते. अशा वाफेसाठी पान्याला हात लावण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार न जळलेल्या डिझेलचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ती उष्णता अपुरी पडली, नोझल गळू लागले, पंपाचे टायमिंग मागे पडले किंवा डिझेलमध्ये पाणी उतरले, तर इंधनाचे बारीक थेंब तसेच बाहेर पडतात. ह्या धुराला डिझेलचा उग्र वास असतो व तो डोळ्यांना झोंबतो. अर्धवट भरलेल्या पिंपात रात्रीच्या गारठ्याने पाणी साचते, हे ठाऊक असूनही पिंपाच्या तळचे डिझेल टाकीत ओतणारे थोडे नाहीत! येथे प्रथम फिल्टरखाली साचलेले पाणी काढावे, नंतर नोझल तपासून घ्यावे. हेडचा विचार त्यानंतर.

तिसरा प्रकार मात्र गंभीर होय. इंजिन पुरते तापल्यावरही धूर थांबत नाही, त्याला डिझेलचा वास येत नाही, आणि कोठेही गळती दिसत नसता रेडिएटरमधील पाणी घटत जाते. हेड गॅस्केट फुटले अथवा हेडला तडा गेला, की पाणी सिलिंडरमध्ये शिरते. ऑईलची दांडी काढून पाहिली असता ऑईल दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर पाणी ऑईलमध्येही उतरले आहे असे समजावे. अशा वेळी रोज तांब्याभर पाणी घालून काम रेटणे हे त्या घाईपेक्षाही महाग पडते. पाणी मिसळलेल्या ऑईलने बेअरिंग निकामी होतात; शिवाय पाणी हवेप्रमाणे दबत नसल्यामुळे, रात्रभर सिलिंडरमध्ये ते साचले तर सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो. असा ट्रॅक्टर उभाच करावा. येथे हेड उतरविण्यात दिरंगाई नको.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने मिस्त्री व्हावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. परंतु पिकावरील रोग ओळखताना डाग पानाच्या वरच्या बाजूस आहे की खालच्या, हे तो जसे विचारतो, तसेच येथेही विचारता येईल : धूर किती वेळ टिकतो, वास कसला येतो, पाणी किती घटले? तीन-चार दिवसांची नोंद वहीत असली म्हणजे मिस्त्रीचेही काम हलके होते. चांगल्या मिस्त्रीला अशा नोंदीचा राग येत नाही. पाणी पाहण्यासाठी रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे.

गॅस्केट फुटण्यामागे अनेकदा इंजिनाचे अति तापणे असते. कूलंटचे पैसे वाचविण्यासाठी विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरले, की आत क्षारांचे थर बसतात व उष्णता बाहेर पडेनाशी होते. तापलेल्या इंजिनात घाईने ओतलेले थंड पाणी तर हेडला तिथल्या तिथे तडा देऊ शकते. बांधावर इंजिन तापलेच, तर ते निवेपर्यंत थांबावे, मग खोळंबलेले काम फवारणीचे असो वा पेरणीचे.