हरण्याचे वय

‘आता या वयात बुद्धिबळ?’ गेले काही महिने हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जात आहे, आणि विचारणारे बहुतेक मराठीचेच प्राध्यापक आहेत. आम्ही चांदवडचे तीन अधिव्याख्याते, पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणारे. तासिका आटोपल्या की स्टाफरूमच्या कोपऱ्यात पट मांडतो, एवढाच आमचा अपराध. प्रश्न हसत विचारला जात असला तरी तो निरुपद्रवी आहे असे आम्हाला वाटत नाही. शिकण्याचे एक वय असते आणि त्यानंतर फक्त शिकवायचे असते, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

बुद्धिबळाची आपली सार्वजनिक स्मृती बालप्रतिभांनी भरलेली आहे, हे मान्य. रोहिणी खाडिलकर १९७६ साली तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. आमच्याच जिल्ह्याचा विदित गुजराथी २०१३ मध्ये, विशीही गाठण्याआधी, ग्रँडमास्टर झाला आणि २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमधील सुवर्णविजेत्या संघात होता. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मात्र त्या अंतिम लढतीत पटाच्या पलीकडे अडतीस वर्षांची कोनेरू हंपी बसली होती, याचे महत्त्व आपल्याला फारसे जाणवले नाही. मातृत्वासाठी खेळापासून दूर राहून ती परतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद दुसऱ्यांदा मिळवले.

हंपीशी आमची तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले की, निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील मांडणी एका दृष्टिक्षेपात आठवते, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की तो जवळजवळ नवशिक्यासारखाच अडखळतो. त्याचे बळ सामान्य स्मरणशक्तीत नसते. वर्षानुवर्षे साठवलेल्या आकृतिबंधांत असते. तो साठा आम्हाला आता जमवता येणार नाही. पण म्हणून काय झाले? पन्नाशीनंतर ज्ञानेश्वरी हाती घेणाऱ्याला ‘आता कीर्तनकार होणार का?’ असे कोणी विचारत नाही. मग आमच्याकडूनच गुणांकनाची अपेक्षा का?

आमची बाजू घेणारेही कमी घातक नाहीत. ‘खेळा, खेळा, मेंदूला चांगले असते,’ असे ते म्हणतात. कवितेचे समर्थन शब्दसंपत्ती वाढते म्हणून करावे, त्यातला हा प्रकार. औषध म्हणून डाव मांडणाऱ्याला डाव दिसत नाही, फक्त स्वतःची प्रकृती दिसते.

साहित्याच्या माणसांचा आक्षेप अधिक सुसंस्कृत असतो. ते प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ ही १९२४ ची कथा पुढे करतात: अवध बुडत असताना दोन सरदार सोंगट्या हलवत बसले! पण त्यांचा दोष खेळण्यात नव्हता, खेळाआड लपण्यात होता. तसे कवितेआडही लपता येते. नवाब वाजिद अली शाह स्वतः कवी होता. शिवाय शह, काटशह, प्यादे, वजीर हे शब्द आपण समीक्षेत आणि राजकीय लेखांत सर्रास वापरतो. ज्या पटाला कधी हात लावला नाही त्याची रूपके उधार घ्यायची आणि खेळणाऱ्याला मात्र रिकामटेकडा म्हणायचे, हा दुटप्पीपणा आहे.

आमच्यापैकी एकाला लहानपणी आजोबांनी हा खेळ शिकवला होता, तो देशी नियमांचा. प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालणार. राजाला एकदा घोड्याची अडीच घरे मिळणार. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराचे जे मोहरे तेच होणार. पंचवीस वर्षांनी परतल्यावर कळले की जगाचा डाव निराळा आहे. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या चित्रपटातले सरदारही अखेरीस इंग्रजी नियमांनी डाव मांडतात; तिथे त्यामागे पराभवाची छाया आहे. आम्हाला मात्र त्या क्षणी आमच्या पिवळ्या पडलेल्या टाचणवह्या आठवल्या. एकदा शिकलेले नियम पुन्हा तपासायचे असतात, हे आम्ही वर्गात किती वर्षे विसरलो होतो!

खरा धडा त्यानंतर मिळाला. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने, जो मोबाइलवर खेळ शिकला होता, आम्हाला वीस-बावीस चालींत मात दिली. मग डाव मागे नेऊन तो शांतपणे म्हणाला, “सर, इथे तुम्ही माझी चाल बघितलीच नाही. तुमचीच बघत होतात.” याच मुलाने मागे एका कवितेच्या आमच्या अर्थनिर्णयनावर शंका घेतली होती. ‘परीक्षेत असे लिहू नका,’ एवढे सांगून आम्ही त्याला खाली बसवले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला ती शंका पुन्हा मांडायला सांगितले. तो संकोचून म्हणाला, “राहू द्या सर, आता आठवत नाही.”

पटावरचा डाव मागे नेता येतो, वर्गातला नेता येत नाही. आपल्या व्यवसायात आपल्याला हरवणारे कोणी नसते. समोरचे साठ जण लिहून घेत असतात आणि त्या शांततेला आपण संमती समजतो. चाळिशीनंतर बुद्धिबळ का, याचे आमचे उत्तर एवढेच: ज्याची चूक दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही आणि जी समोरचा विद्यार्थी बोट ठेवून दाखवू शकतो, असे ठिकाण आम्हाला हवे होते. ‘या वयात?’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे: विद्यार्थ्यासमोर तुम्ही शेवटचे कधी हरलात? आठवत नसेल, तर स्टाफरूममध्ये पट मांडलेलाच आहे.