वारा पत्रा नेतो, भूकंप भिंत पाडतो

ता. 21 मे 2024 रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावाहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे माणसे घेऊन होडी निघाली. उजनीच्या पाण्यावर एकाएकी वादळ सुटले, होडी उलटली आणि सहा जीव बुडाले. त्यांत दोन अगदी लहान लेकरे होती. एक गृहस्थ तेवढे पोहून काठास लागले.

भीमेच्या दोन्ही तीरांची सोयरीक एक, बाजार एक. पण धरणाने मध्ये समुद्र आणून ठेवला. 1858 साली डिकसळपर्यंत आलेल्या रेल्वेचा पुढचा जुना दगडी पूल, लोहमार्ग हलविल्यावर, लोकांनी वर्षानुवर्षे ये-जा करण्यास वापरला. शिरसोडी ते कुगाव अशा नव्या पुलास सरकारने मंजुरी दिली, हे योग्यच झाले. पण पूल कसा होतो हेही शेतकरी बंधूंनी विचारले पाहिजे. नकाशा इंजिनिअरचा असला तरी पुलावरून जाणारी लेकरे आपली आहेत.

अमेरिकेत टॅकोमा येथे 1940 च्या जुलैत खुला झालेला लोंबता पूल त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला पडला. वारा केवढा होता? तासाला सुमारे 65 किलोमीटर. एवढा वारा आमच्या वळवालाही असतो. पूल अरुंद व सडपातळ, बाजूंना भरीव लोखंडी तुळया, त्यामुळे वारा आरपार जाईना. पूल पिळू लागला. झोक्यावरचे पोर जसे आपल्याच अंगाने झोका चढविते, तसा पुलाचाच प्रत्येक हेलकावा वाऱ्याकडून नवे बळ घेऊ लागला. मोटारीत अडकलेले एक कुत्रे तेवढे मेले. भूकंपाची तऱ्हा निराळी. तो खांब हलवितो, आणि खांबावर नुसता टेकलेला गाळा बैठक अरुंद असल्यास घसरून खाली येतो. म्हणून बैठक रुंद हवी आणि गाळा सरकू नये म्हणून अडसर हवा.

पुलाचे सरकार पाहील. घराचे कोण पाहणार? बारामती-इंदापुरात गोठे, कोंबड्यांच्या शेडी, वस्तीवरची घरे सगळी पत्र्याची झाली. पत्रा वाऱ्याने दाबला जातो असा पुष्कळांचा समज आहे. खरे पाहता वारा छपरावरून वेगाने जाताना पत्र्याला वर ओढतो, आणि उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून रेटतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. अशा वेळी पत्र्यावर ठेवलेला धोंडा पत्र्याला धरीत नाही, तो खाली झोपलेल्याच्या डोक्यात पडतो. आमच्या शाळेचे दोन पत्रे एकदा वळवात शेजारच्या उसात जाऊन पडले. पाहतो तो ठेकेदाराने कडेच्या रांगेला हूक-बोल्ट एकाआड एक मारलेले. कडा आणि कोपरे येथेच ओढ सर्वांत जास्त, आणि तेथेच खिळ्यांची काटकसर! रविवार होता म्हणून बरे.

पत्र्याला भिऊन कोणी जुने माळवद बरे म्हणेल, तर त्याने किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असता, लातूर-उस्मानाबादेकडे जमीन हलली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. तो मुलूख सरकारी नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी भयाचा मानलेला होता. माणसे मारली ती जमिनीने नव्हे, भिंतींनी. भिंती हात-दीड हात रुंद, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि माती. दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. वर दर पावसाळ्यापूर्वी टाकलेल्या पांढऱ्या मातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भार. भूकंपाचा तडाखा वजनाच्या प्रमाणात बसतो. जितके घर जड, तितका फटका मोठा. वाऱ्यात नेमके उलटे. हलके तेच आधी उडते. एकाच घराला दोन्ही शत्रू सोसावयाचे आहेत.

शेषनाग डोके हलवितो असे आम्हांला लहानपणी सांगितले होते. असे सांगणाऱ्यांनी मुहूर्ताचा नारळ फोडला, पण भिंतीत आरपार दगड घाला असे कोणी सांगितले नाही. तो दगड घालणे गवंड्याच्या हातचे आहे. दर दोन हातांवर एक लांब दगड, कोपऱ्यात थर एकमेकांत गुंतविलेले, आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर घराभोवती फिरणारा सळईचा काँक्रीटचा पट्टा. पेटीला लोखंडी पट्टी मारावी तसा तो चारही भिंतींना एकत्र धरतो. खर्च घराच्या मानाने थोडा. ज्यांच्या घरकुलाचा हप्ता यावयाचा आहे त्यांनी हा पट्टा पडल्याशिवाय पुढची वीट लावू देऊ नये. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा धक्का पुण्यापर्यंत जाणवला होता. आपल्याकडे काही होत नाही हे बोलणे किल्लारीकरही बोलत असत.

ग्रामपंचायतींनी गवंडी आणि सुतारांचे दोन दिवसांचे वर्ग भरवावेत, जागा शाळा देईल. आणि उजनीच्या ज्या ज्या काठावरून होड्या सुटतात तेथे पूल होईपर्यंत प्रत्येक माणसाच्या अंगात तरंगते जाकीट असावे, आणि आभाळ भरून आले की होडी सोडू नये. असा ठराव येत्या ग्रामसभेत कळाशी, शिरसोडी, कुगावच्या मंडळींनी मांडावा.