क्रियापद शेवटी येते

मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकशास्त्राच्या पदवीचा ‘डेटा स्ट्रक्चर्स’ हा अभ्यासक्रम एकदा तरी वाचावा, असे सुचवले की उत्तर ठरलेले असते : तो आमचा प्रांत नव्हे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. तो आपलाही प्रांत आहे आणि आपण तो न लढता सोडून दिला आहे.

माहिती संगणकाच्या स्मृतीत कशी मांडली असता ती हव्या त्या क्रमाने आणि कमी श्रमात हाती येईल, याचा विचार हा विषय करतो. स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ ही त्यातली मुख्य प्रकरणे. नाशिक जिल्ह्यातली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे नांदगावच्या विद्यार्थ्याला आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला हा विषय सारखाच, इंग्रजी पुस्तकांतून, शिकावा लागतो. मराठी शाळेतून आलेला नांदगावचा मुलगा मग ‘लास्ट इन, फर्स्ट आउट’ ही स्टॅकची व्याख्या पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि गुणही मिळवतो. जुन्या घरांतली उतरंड त्याने पाहिलेली किंवा निदान ऐकलेली असते. तळाच्या मडक्यातले काही काढायचे तर वरची मडकी एकेक करून उतरवावी लागतात, हेही त्याला कळते. पण या कळण्याचा त्या व्याख्येशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. ‘जातींची उतरंड’ हा शब्दप्रयोग आपण चर्चासत्रांतून वर्षानुवर्षे वापरत आलो. वरचे हलल्याखेरीज खालचे मोकळे होत नाही, ही त्या शब्दातली रचना शेजारच्या वर्गात उपयोगी पडेल, हे मात्र आपल्याला सुचले नाही.

अर्थात प्रतिशब्दांच्या याद्या करणे हा माझा आग्रह नाही. तो आपला आवडता आणि बहुधा निष्फळ उद्योग आहे. मुलांनी ‘स्टॅक’ हाच शब्द वापरला तर मराठीचे काही बिघडत नाही. मुद्दा वाक्यरचनेचा आहे. या विषयात एक प्रश्न हमखास येतो : इन्फिक्स राशीचे पोस्टफिक्समध्ये रूपांतर करा. (२ + ३) × ४ ही आपली लिहिण्याची रीत. तीत चिन्ह दोन संख्यांच्या मध्ये बसते. पोस्टफिक्समध्ये ते शेवटी जाते : २ ३ + ४ ×. कंस नाहीसे होतात, कारण त्यांची गरजच उरत नाही. यंत्र संख्या एकावर एक रचत जाते. चिन्ह भेटले की वरच्या दोन उचलते, क्रिया करते आणि उत्तर पुन्हा तिथेच ठेवते. हे रूप यंत्राला सोयीचे पण माणसाला अनोळखी, असे शिकवण्याची प्रथा आहे. कोणत्या माणसाला? ‘दोनात तीन मिळव, त्याला चाराने गुण’ हे साधे वाक्य घ्या. दोन, तीन, मिळव, चार, गुण. कंस नाही, आणि क्रिया दर वेळी शेवटी. इंग्रजी आज्ञार्थात क्रियापद आधी येते, म्हणून इंग्रजी वाचकाला हे रूप उलटे वाटणे समजण्यासारखे आहे. ते आपल्या मुलांनाही उलटे वाटावे, यासाठी मात्र शिक्षण खर्ची पडते.

यावरून कोणी लगेच मराठी ही संगणकाची जन्मजात भाषा असल्याचा संदेश फिरवू नये. रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या एका लेखापासून संस्कृतच्या वाट्याला ते दुर्दैव आलेच आहे. क्रियापद तमिळमध्ये, जपानीत, तुर्कीतही शेवटीच येते. हा अभिमानाचा विषय नाही, अध्यापनाचा आहे.

राहिली ‘हे शास्त्रच मुळी इंग्रजी’ ही समजूत. कंसांवाचून लिहिण्याची कल्पना पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांची. तिच्या ‘पोलिश नोटेशन’ या नावातला ‘पोलिश’ म्हणजे पोलंड, हे किती वर्गांत सांगितले जाते? विद्यार्थी ज्याला ‘एव्हीएल ट्री’ म्हणून घोकतात, त्यातली अक्षरे अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस या सोव्हिएत गणितज्ञांची असून त्यांचा १९६२ सालचा निबंध रशियन भाषेत आहे. आणि वर सांगितलेले रूपांतर ज्या पद्धतीने करतात, ती एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी १९६१च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये मांडली. तिचे नाव ‘शंटिंग यार्ड’. चिन्हे बाजूच्या रुळावर वळवायची, संख्या सरळ पुढे सोडायच्या, आणि योग्य वेळी बाजूची चिन्हे परत मुख्य मार्गावर घ्यायची. पुढे बंद असलेल्या रुळावर शेवटी ढकललेला डबा आधी बाहेर निघतो, हेच स्टॅकचे तत्त्व. डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या १९६८च्या ग्रंथात स्टॅक समजावताना रेल्वेचे हेच चित्र वापरले. आता नकाशा पाहावा. मनमाड जंक्शन नांदगाव तालुक्यातच आहे आणि खुद्द नांदगावही मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे. ‘शंटिंग’ हा शब्द जिथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही, त्या तालुक्यात ही पद्धत एक अगम्य इंग्रजी नाव म्हणून पाठ केली जावी, यात दोष मुलाच्या बुद्धीचा नाही.

दोष संगणकाच्या शिक्षकांचाही फारसा नाही. ज्ञानाचे गद्य लिहिणे हे आपले काम होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, कलनावर ‘शून्यलब्धि’ लिहिले. आधुनिक मराठी गद्य घडले त्यात भूगोल, गणित आणि ज्योतिष यांच्या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. आपल्या अध्यापनात त्यांची बोळवण एका परिच्छेदात होते आणि पुढचे सारे तास कविता-कादंबरीचे. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीला वाट मोकळी केली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली. त्या मुलांसाठी वाचनीय मराठी कोण लिहिणार, या प्रश्नावर आपण किती परिसंवाद घेतले? २०२४ साली अभिजात दर्जा मिळाल्यावर सत्कार मात्र झाले.

नोकरी इंग्रजीतच मिळते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून इंग्रजी शिकवावीच. पण सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. तेवढ्यासाठी मुलाने विचार करण्याची भाषा दाराबाहेर काढून ठेवावी, हा सौदा त्याच्या तोट्याचा आहे. मुलाखतीत व्याख्या विचारून कोणी थांबत नाही. इथे स्टॅक का, क्यू का नको, असा पुढचा प्रश्न येतो, आणि पाठांतर तिथेच संपते.

व्यावहारिक मराठीच्या प्रश्नपत्रिकेत इतिवृत्त आणि जाहिरात यांच्या जोडीला एक प्रश्न घालता येईल : द्विशाखी वृक्षातून मधला घटक काढला असता उरलेला क्रम कसा टिकवतात, ते दोनशे शब्दांत लिहा. तपासायला संगणक विभागातला सहकारी बोलवावा. तो समोरच्याच इमारतीत बसतो.