नाव पालटले, खेळ तोच : ‘जिम क्रो’ ते ‘जिम जो’ (थ्रेड)

१/ अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या संगीतवर्गांत ‘जंप जिम जो’ हा खेळ अनेक वर्षे खेळला जात आला आहे. मुले जोडीजोडीने रिंगण करतात, उड्या मारतात, गिरकी घेतात, पाय आपटतात, नवा जोडीदार निवडतात. खेळ निरागस दिसतो. त्याचे मूळ मात्र निरागस नाही.

२/ हा ‘जो’ पूर्वी ‘क्रो’ होता. थॉमस डार्टमथ राइस या गोऱ्या नटाने १८३० च्या सुमारास तोंडाला काळे फासून ‘जंप जिम क्रो’ रंगभूमीवर आणले. १८३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉवरी थिएटरात त्याने गर्दी खेचली. कृष्णवर्णीयाची बोली, चाल आणि व्यंग हाच तेथे विनोद होता.

३/ पुढे हेच नाव दक्षिणेतील वंशभेदी कायद्यांना चिकटले. १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत उपाहारगृहापासून पाण्याच्या नळापर्यंत माणसे रंगावरून विभागली जात होती.

४/ समर्थक म्हणतात, ‘मुलांना यातले काय कळते?’ हाच तर मुद्दा आहे. ज्याला कळत नाही त्याला निवडही करता येत नाही. ती जबाबदारी मोठ्यांची. वर्गातील कृष्णवर्णीय मुलाच्या पणजोबांची टिंगल त्याच्याच पायांनी नाचवून घेणे, हा संस्कार नव्हे.

५/ दुसरा आक्षेप : ‘खेळ काढणे म्हणजे इतिहास पुसणे.’ वस्तुतः इतिहास पुसला तो ‘क्रो’चा ‘जो’ करणाऱ्यांनी. नाव झाकले, नाच ठेवला आणि शिक्षकांनाही मूळ कळेनासे झाले. राइसची कथा मोठ्या मुलांच्या इतिहासाच्या तासाला अवश्य शिकवावी. पाच वर्षांच्या मुलाच्या उडीतून ती शिकवली जात नाही.

६/ रिंगण ओस पडेल ही भीतीही व्यर्थ आहे. जॉर्जियाच्या सेंट सायमन्स बेटावरील गायिका बेसी जोन्स यांनी गुलामगिरी भोगलेल्या आजोबांकडून शिकलेली गाणी आणि कृष्णवर्णीय मुलांचे खेळ जपले. बेस लोमॅक्स हॉज यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘स्टेप इट डाउन’ हा संग्रह १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. टाळ्या, उड्या, रिंगण, सारे त्यात आहे.

७/ एकीकडे कृष्णवर्णीयांची नक्कल, दुसरीकडे त्यांची स्वतःची निर्मिती. नक्कल शाळेत रुळली, निर्मिती दाराबाहेर राहिली. म्हणून केवळ शब्द बदलून भागणार नाही, खेळच बदलावा. आणि नवा खेळ शिकवताना तो कोणाचा, हे नाव घेऊन सांगावे. (समाप्त)